आठ पौंडांचा सेंटर-फॉरवर्ड

डिक्सी डीनचं नाव निघालं की मामाचं आणि माझं जुंपतं. मामा शाळेत क्रीडाशिक्षक होता, निम्मी हयात त्याने मैदानावर काढली. मी कामगार न्यायालयात वकिली करते. हा माणूस आम्हा दोघांनाही मनापासून आवडतो आणि भांडण त्यामुळेच पेटतं. विल्यम राल्फ डीन, जन्म 22 जानेवारी 1907, गाव बर्कनहेड. मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल आणि समोरच्या काठाला हे जहाजबांधणीचं गाव. ‘डिक्सी’ हे नाव त्याला स्वतःला आवडत नसे, ‘बिल’ म्हटलेलं चाले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका हंगामात 60 गोल करणारा आजवरचा एकमेव खेळाडू. मामाच्या मते खेळाडूचं आयुष्य असावं तर असं. माझ्या मते एका मोठ्या कारागिराची नियमांच्या चौकटीत बसवून केलेली ही लूट आहे. आमचं बोलणं झालं तसं इथे मांडते. मामाला भरपूर बोलू दिलं आहे, कारण त्याला जे दिसतं ते तिथे खरोखरच आहे.

मामा : सुरुवात 5 मे 1928 पासून करायची. हंगामाचा शेवटचा सामना, मैदान गुडिसन पार्क, समोर आर्सेनल. विजेतेपद डीनच्या क्लबच्या, लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनच्या, खिशात आधीच पडलेलं. लोक आले होते ते वेगळ्याच हिशेबासाठी. आदल्या वर्षी मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने सेकंड डिव्हिजनमध्ये 59 गोल केले होते. दोन सामने उरले तेव्हा डीनचे होते 53. बर्नलीला जाऊन त्याने चार मारले. झाले 57. म्हणजे शेवटच्या दिवशी हॅट्ट्रिकशिवाय भागणार नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोन झाले, त्यातला दुसरा पेनल्टीवर. आणि मग गाडी अडली. तासभर काही होईना. सामना संपत आला तेव्हा कॉर्नर मिळाला. घ्यायला आला अलेक ट्रूप. बुटका स्कॉटिश विंगर, खांद्याचं दुखणं कायमचं, म्हणून पट्टी आवळून खेळायचा. त्याने चेंडू आत टाकला, डीन गर्दीतून वर उठला आणि डोकं लावलं. साठ! नंतर आर्सेनलने बरोबरी केली, 3-3, पण तिकडे लक्ष होतं कोणाचं?

मी : हा सामना तू सांगतोस तेव्हा मलाही काटा येतो. पण समोरच्या संघात त्या दिवशी चार्ली बखन शेवटचा सामना खेळत होता, ते विसरू नकोस. त्याचा आणि या साठ गोलांचा संबंध आहे. 1925 पर्यंत ऑफसाइड टाळायचं तर पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. चलाख बचावपटू एक पाऊल पुढे टाकून सगळी चढाई मोडीत काढायचे, सामने रटाळ झाले होते. म्हणून 1925 च्या उन्हाळ्यात तिनाचे दोन केले. लीगच्या चार डिव्हिजन मिळून सामने तेवढेच, 1848. गोल आदल्या हंगामात 4700, नव्या नियमाखाली 6373. बचाव कसा करायचा हेच कोणाला कळेना. आर्सेनल न्यूकॅसलकडून सात गोलांनी हरलं तेव्हा बखननेच मॅनेजर हर्बर्ट चॅपमनकडे आग्रह धरला की मधल्या हाफला मागे ओढा आणि दोन बॅकच्या मध्ये उभा करा. डीन आला तो नेमका या गोंधळाच्या काळात. दार नुकतंच उघडलं होतं.

मामा : दार सगळ्यांनाच उघडलं होतं गं. आत किती जण गेले? कॅमसेलचे 59 खालच्या डिव्हिजनमधले. डीनचे वरच्या, 39 सामन्यांत. आणि 1928 पर्यंत तीन हंगाम उलटले होते, मधला हाफ मागे ओढायची युक्ती संघ हळूहळू शिकत होते. नियमाने जागा दिली, कबूल. त्या जागेत कोणत्या क्षणी शिरायचं हे नियम शिकवत नाही. मी तीस-पस्तीस वर्षं पोरांना हेडर शिकवला. उंच उडणारे पुष्कळ असतात. डीन खास उंच नव्हता, पण तो आधी उडायचा आणि बचावपटू उडेपर्यंत वर पोचलेला असायचा. आणि निव्वळ जोर नाही, चेंडूला दिशा द्यायचा. तो चेंडूही आजचा नव्हे. चामड्याचा, मध्ये वादीची गाठ, पावसात भिजला की जड व्हायचा. तो गाठीवर आदळला की कपाळ फुटायचं.

मी : यावर माझं काहीच म्हणणं नाही. त्याचं कसब मला नाकारायचंच नाही.

मामा : मग 1926 पण सांगतो. जून महिना, उत्तर वेल्समध्ये होलीवेलजवळ मोटारसायकलचा अपघात. कवटीला तडे, जबडा मोडलेला. हा पुन्हा खेळेल असं डॉक्टरांना वाटेना. एकोणीस वर्षांचं पोर. त्याच हंगामात तो मैदानावर परतला, डोक्याने गोल करायला लागला आणि फेब्रुवारी 1927 मध्ये इंग्लंडकडून खेळला. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत 12 गोल. ज्या कवटीची शाश्वती नव्हती, तीच त्याने पणाला लावली. हे पैशासाठी होत नाही.

मी : नाही होत. पण तुला जिथे धाडस दिसतं तिथे मला एक करारपत्रही दिसतं. अपघात उन्हाळ्यात झाला, कामाबाहेर. खेळाडूचा करार एकेका हंगामाचा. तो उभा राहिला नसता तर पुढच्या वर्षी त्याला ठेवून घ्यायचं कोणतंच बंधन एव्हर्टनवर नव्हतं. उलट तो धडधाकट असेल आणि त्याला जायचं असेल तर मात्र क्लबच्या परवानगीवाचून जाता येत नव्हतं. बंधन होतं ते एकाच बाजूला.

इथून आमच्या बोलण्याचा रोख बदलतो. मामाला हा भाग रुक्ष वाटतो, मला यातच डीनची खरी गोष्ट दिसते. म्हणून जरा तपशिलात जाते.

मी : दोन नियम एकत्र बघ. पहिला, कमाल पगार. 1901 साली ठरलं की इंग्लंडमधल्या कोणत्याही खेळाडूला आठवड्याला 4 पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. महायुद्धानंतर 1920 मध्ये मर्यादा 9 पौंडांवर गेली आणि 1922 मध्ये मंदीचं कारण सांगून पुन्हा खाली आली : हंगामात 8, उन्हाळ्यात 6. जिंकलं तर वर 2 पौंड, बरोबरी झाली तर 1. डीनने साठ गोल केले त्या वर्षी हीच मर्यादा आणि दहा वर्षांनी त्याने एव्हर्टन सोडलं तेव्हाही हीच. दुसरा नियम ट्रान्सफरचा. हंगाम संपला, करार संपला, तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच. क्लबने ‘ठेवला’ म्हटलं की ठेवला. समजा, गिरणीतला करार संपला, मालकाने नवा पगार तुझ्यासमोर टाकला आणि वर सांगितलं की हा पटत नसेल तर घरी बस, पण देशातली दुसरी कोणतीही गिरणी तुला घेणार नाही. असा खटला माझ्यासमोर आला तर मी पहिल्या तारखेलाच उभी राहीन.

मामा : आठ पौंड कमी होते असं तू म्हणतेस. कोणाच्या तुलनेत? त्या काळी कारखान्यातल्या माणसाला आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास मिळत. आणि तेही काम असलं तर! मे 1932 मध्ये एव्हर्टन पुन्हा विजेतं झालं, डीनचे 45 गोल. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या बर्कनहेडमध्ये बेकारांच्या मोर्च्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. भत्ता द्यायच्या आधी घरातली मिळकत तपासायचे, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. गोदीतली कामं बसलेली, गल्ल्या-गल्ल्यांत माणसं रिकामी. अशा गावातला पोरगा आठ पौंड घरी आणतो, चेंडू खेळून! रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करत होता, तिथेच राहिला असता तर काय मिळालं असतं? आणि पगार फार वर गेला नाही म्हणूनच तो त्यांच्यातला राहिला. त्या काळचे खेळाडू ट्रॅमने मैदानावर जायचे, शेजारी प्रेक्षक. शनिवारी ज्याच्यासाठी घसा फोडायचा, तो सोमवारी रस्त्यात भेटायचा. डीन लिव्हरपूलचा देव होता असं सांगतात, पण तो रोज भेटणारा देव होता. हे नातं आज कुठे आहे?

(मामाच्या या मुद्द्याला मी वर्षानुवर्षं फार जपून उत्तर देते. तो म्हणतो ते नातं खरं होतं. ते नाकारून माझा युक्तिवाद बळकट होत नाही.)

मी : नातं होतं, मानते. पण ते पगार कमी असल्यामुळे होतं, हे कशावरून? डीन त्याच गोदीच्या गावात वाढला, त्यांच्याच भाषेत बोलायचा. आठाचे वीस पौंड मिळाले असते तर तो परका झाला असता का? आणि बेकार माणसाच्या पोटात खेळाडूचा पगार खुपत होता, असं मला कुठे दिसत नाही. त्याने शिलिंग दिला तो डीनला बघायला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लीगच्या सामन्याचं कमीत कमी तिकीट एक शिलिंग. 20 शिलिंगांचा पौंड. समज, चाळीस हजार माणसं आली. हलक्यात हलकं तिकीट धरलं तरी दोन हजार पौंड. त्यातून करमणूक कर काढ, पाहुण्या संघाचा वाटा काढ, मुलांची सवलत काढ. उरतात त्यांतले अकरा खेळाडूंचे किती? अठ्ठ्याऐंशी पौंड. त्या बेकार माणसाचा शिलिंग डीनपर्यंत पोचतच नव्हता, मामा. माझी तक्रार ती आहे.

मामा : क्लबचे खर्च होते. स्टँड बांधायचे, दुसरी फळी सांभाळायची. आणि कमाल पगार काढून टाकला असता तर पैसेवाल्या चार क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलले असते. बर्नली, हडर्सफील्ड ही छोटी गावं वरच्या डिव्हिजनमध्ये टिकली कशाच्या जोरावर?

मी : हे तुझं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे. लीगही हेच सांगायची. पण चांगले खेळाडू उचलणं थांबलं होतं का? 1928 मध्ये आर्सेनलने बोल्टनकडून डेव्हिड जॅकला घेतलं, 10,890 पौंड मोजून. पुढच्या वर्षी प्रेस्टनकडून अलेक्स जेम्सला, 8750 पौंडांना. पैसा एका क्लबच्या तिजोरीतून दुसऱ्याच्या तिजोरीत फिरत होता आणि ज्याच्या पायांची किंमत ठरत होती तो मात्र आठवड्याला आठच पौंड घेत होता. जेम्सला तर लंडनच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात नोकरी मिळवून दिली, म्हणजे पगाराची मर्यादाही मोडली नाही आणि त्याला जास्तही मिळालं. अशी दुकानं लंडनला होती, बर्नलीला नव्हती. मग छोट्या क्लबांचं रक्षण झालं कुठे?

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग एकदम 1930 वर गेला, मला माहीत होतं जाणार ते.

मामा : 1930 साली एव्हर्टन खाली घसरलं. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा सेकंड डिव्हिजन. डीन तेव्हा तेवीस वर्षांचा, देशातला सगळ्यात मोठा सेंटर-फॉरवर्ड. गेला नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला, 39 गोल केले, संघाला पहिल्या प्रयत्नात वर आणलं. लगेच पुढच्या वर्षी पहिल्या डिव्हिजनचं विजेतेपद. त्याच्या पुढच्या वर्षी, 1933, वेम्बलीला एफए कप, मँचेस्टर सिटीवर 3-0, डीन कर्णधार आणि एक गोल त्याचा. कप फायनलमध्ये पाठीवर आकडे आले ते याच सामन्यात. एव्हर्टनला 1 ते 11, सिटीला 12 ते 22. डीनच्या पाठीवर 9. तीन वर्षांत तीन मोठे चषक, आणि ते पडलेल्या संघाला उचलून! याला तू लूट म्हणणार?

मी : 1930 ते 1933 ही त्याची सगळ्यात देखणी वर्षं, माझ्याही मते. साठ गोलांपेक्षाही. पण ‘गेला नाही’ म्हणतोस तेव्हा मी अडते. जाणं त्याच्या हातात होतं का? क्लबने सोडल्याशिवाय तो जाऊ शकत नव्हता. आणि गेला असता तरी दुसरीकडे तेच आठ पौंड. दारं दोन्हीकडून लावली आणि मग म्हणायचं, बघा, माणूस किती निष्ठावान.

मामा : चुकतेस. ट्रान्सफर मागणारे खेळाडू त्या काळीही होते. क्लबशी तोंड वाजवायचे, हंगामभर पाय ओढत खेळायचे, शेवटी क्लब कंटाळून विकायचा. मी पोरांना ओळखतो. मन उडालेला खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत कळतो. नियम माणसाला क्लबात डांबून ठेवू शकतो. चिखलात 39 गोल करायला लावू शकत नाही. ती निष्ठा त्याची स्वतःची होती. तुझ्या करारपत्राला ती काढून घेऊ देणार नाही मी.

मी : हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मामा : आणि मग टॉमी लॉटन. 1936 संपता संपता एव्हर्टनने बर्नलीकडून सतरा वर्षांचं हे पोर आणलं, 6500 पौंड देऊन. कशासाठी, हे डीनला दिसत नव्हतं का? त्याची जागा घ्यायलाच. तरी त्याने लॉटनला जवळ केलं, हेडर कसा मारायचा ते स्वतः शिकवलं. 1939 मध्ये एव्हर्टन पुन्हा विजेतं झालं ते लॉटनच्या गोलांवर.

मी : हो, आणि विजेतेपद आलं तेव्हा शिकवणारा कुठे होता? मार्च 1938 मध्ये क्लबने त्याला नॉट्स काउंटीला विकलं. सचिव थिओ केलीशी त्याचं पटत नव्हतं. तेरा वर्षं झाली होती, 433 सामने, 383 गोल, आणि निरोपाचा साधा समारंभही नाही. ट्रॅनमियर रोव्हर्सकडून मार्च 1925 मध्ये घेतला 3000 पौंडांना, विकला 3000 पौंडांना. एव्हर्टनने त्याच्यावर टाकलेले पैसे पुरतेच्या पुरते वसूल केले. नॉट्स काउंटीत तो दुखापतींनी बेजार, जेमतेम नऊ सामने खेळला. मग आयर्लंडमध्ये स्लायगो रोव्हर्सकडे गेला. तिथे पुन्हा गोल झाले, संघ एफएआय कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. तेवढ्यात युद्ध आलं. बत्तिसाव्या वर्षी कारकीर्द संपली.

मामा : युद्धाने कितीकांची संपवली. त्याला काय करणार?

मी : युद्धाचा दोष कोणाला देत नाही. त्यानंतरचं सांगते. चेस्टरमध्ये त्याने बरीच वर्षं पब चालवला, ‘डब्लिन पॅकेट’. साठीच्या दशकात तो लिटलवुड्समध्ये कामाला लागला, हमाल म्हणून. हे लिटलवुड्स म्हणजे काय, ते बघ. 1923 मध्ये जॉन मूर्सने मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाबाहेर कुपनं वाटून हा धंदा सुरू केला. कोणता सामना बरोबरीत सुटणार, कोण जिंकणार, याचे अंदाज भरून पाठवायचे, पैसे लावायचे. तिसाच्या दशकात देशभर लाखो लोक दर आठवड्याला कुपन भरत. 1936 मध्ये लीगने वेळापत्रक लपवून हा धंदा बंद पाडायचा प्रयत्न केला, जमला नाही. म्हणजे डीन गोल करत होता त्याच वर्षांत, त्या गोलांवर लोक पैसे लावत होते आणि लिव्हरपूलमधल्याच एका कंपनीची भरभराट होत होती. त्यातलं खेळाडूला काहीच नाही. 1960 साली मूर्स एव्हर्टनचे अध्यक्ष झाले. त्यांनी डीनला नोकरी दिली, माणुसकीने दिली, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या गोलांवर कुपनं खपली त्याला त्या धंद्यात हमालाची जागा मिळाली, हे वाचून मला राग येतो. अजून येतो.

मामा : मला राग येत नाही, वाईट वाटतं. पण तू विचारलंस का कधी, त्याला स्वतःला काय वाटत होतं? तिथल्या लोकांनी त्याला प्रेमाने सांभाळलं. 1964 मध्ये गुडिसनवर त्याच्यासाठी सामना झाला, मैदान लोकांनी गजबजलं. खेळ सोडून पंचवीस वर्षं झालेल्या माणसासाठी! 1976 मध्ये त्याचा पाय कापावा लागला, तरी तो सामन्याला यायचा. 1 मार्च 1980, गुडिसन पार्क, समोर लिव्हरपूल. सामना बघता बघताच हृदयविकाराने गेला, जिथे ते साठ गोल पुरे झाले त्याच मैदानावर. कोणत्या खेळाडूच्या नशिबी असं मरण येतं?

मी : मरणाचं मी तुझ्याशी भांडत नाही, मामा. मी जगण्याच्या हिशेबाबद्दल बोलते आहे. 1964 चा सामना लोकांनी शिलिंग-शिलिंग टाकून उभा केला. म्हणजे पुन्हा त्याच माणसांच्या खिशातून, ज्यांनी 1928 मध्ये एकदा दिलेच होते. तुझ्या त्या नात्याने आपलं कर्ज दोनदा फेडलं.

मामा : मग खटला कोणावर भरतेस? एव्हर्टनवर?

मी : लीगवर. क्लब लीगच्या नियमाबाहेर जाऊच शकत नव्हता, गेला असता तर दंड. आणि प्रयत्न झालाही होता. 1907 मध्ये मँचेस्टरला बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स यांनी खेळाडूंची युनियन काढली. 1912 मध्ये युनियनने हर्बर्ट किंगाबी या खेळाडूसाठी ॲस्टन व्हिलावर दावा लावला, ट्रान्सफरच्या याच नियमावर. हरले. खर्चाने युनियनचं कंबरडं मोडलं. त्या निकालानंतर पन्नास वर्षं कोणी कोर्टाची पायरी चढायला धजेना, आणि डीनची सगळी कारकीर्द त्या पन्नास वर्षांच्या पोटात गेली. 1961 च्या जानेवारीत जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची नोटीस दिली तेव्हा कुठे कमाल पगार गेला. त्याच वर्षी फुलमने जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड दिले. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी सांगितलं की करार संपलेल्या खेळाडूला असं अडकवून ठेवणं म्हणजे माणसाच्या धंद्यावर अन्यायाने निर्बंध आणणं आहे. नियम तोच, जो किंगाबीला आडवा आला होता.

मामा : आणि समज, हा निकाल 1930 साली लागला असता, तर डीन एव्हर्टन सोडून गेला असता?

मी : नसता गेला. तूच सांगितलंस की. पण ‘जाऊ का?’ एवढं तो विचारू शकला असता, तर एव्हर्टनला त्याला ठेवण्यासाठी काहीतरी द्यावं लागलं असतं. पाच वर्षांच्या नोकरीनंतर क्लबच्या मर्जीने मिळणारी बेनिफिटची रक्कम होती, कमाल 650 पौंड. तीही मर्जीने! मला ती मर्जी काढून तिथे हक्क लिहायचा आहे.

मामा : लिही. पगाराचं तुझं म्हणणं मी मान्य करतो, आज पहिल्यांदा. पण माझ्या साठ गोलांना हात लावायचा नाही.

मी : ते तुझे नाहीत, मामा. त्याचे आहेत. म्हणून तर एवढं भांडते आहे.